दारापुढचा ओटा

नवरात्राच्या तोंडावर वाडीतल्या बाया दसरा काढतात. घरातल्या झाडून साऱ्या वाकळा ओढ्यावर जातात, धोंड्यावर आपटून निघतात आणि दिवसभर करवंदीच्या जाळ्यांवर वाळत पडतात. रंभाबाईही वाकळा धुवायची, पण तिचं तेवढ्यावर भागत नसे. वाकळा वाळून आत आल्या की ती कपाटाच्या कड्या लावायची, भांडी एकात एक घालून मध्ये चिंध्या कोंबायची, देवांचे टाक तांदळाच्या डब्यात पुरायची आणि भिवाजीचा फोटो उशीच्या अभ्र्यात सरकवून त्याचं तोंड बांधायची. दसऱ्याला तिचं घर उचललं जायचं.

हे कुणाला सांगितलं की तो आधी हसायचा, मग बघायला यायचा. पिरंगुटाकडून हायड्रा क्रेन येई, त्याच्या मागं लांब ट्रेलर येई, पट्टे लागत आणि दाराखिडक्यांसकट अख्खं घर जमिनीवरून सुटून लोंबकळायला लागे. पोरं टाळ्या पिटत. रंभाबाई आंब्याखाली गाठोडं घेऊन उभी राही. घराखाली दडलेलं पिवळं गवत, एखादा हरवलेला चमचा, दोन-चार बेडकं, सगळं चारचौघांत उघडं पडे आणि तिला उगीचच लाजल्यासारखं होई.

भिवाजी होता तेव्हा हे काही नव्हतं. पौडपासून आत, डोंगराच्या पोटाशी असलेल्या या वाडीत त्यांची भाताची खाचरं होती आणि तिकडं नेऱ्याला माळाचा एक तुकडा होता. तो तुकडा भिवाजीनं घेतला तेव्हा लोक म्हणाले, ह्याला येड लागलं, तितं कुसळं सोडून काय उगवत न्हाई. पुढं हिंजवडीला कंपन्या आल्या, कुसळाच्या माळाला बिल्डर विचारायला लागले, आणि ते बघायला भिवाजी राहिला नाही. तो गेल्यावर वाटण्या झाल्या. थोरल्या मुलानं, माऊलीनं, नेरं घेतलं, धाकट्या अमोलनं वाडी. गुरं वाटली, भांडी वाटली, पाटा एकाला आणि उखळ एकाला गेलं. शेवटी पंचांतल्या हैबतरावांनी विचारलं, "आन् म्हातारीचं काय?"

"सा म्हयने त्याच्याकडं, सा म्हयने मपल्याकडं," माऊली म्हणाला.

पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत अमोल, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत माऊली. पाटाच्या पाण्याची पाळी ठरते तसं ते ठरलं. रंभाबाई तिथंच भिंतीला टेकून बसली होती. हैबतरावांनी रीत म्हणून तिलाही विचारलं, "चालंल का गं, रंभे?"

"आसूंदे," ती म्हणाली.

हा तिचा शब्दच होता. तिच्या माहेरचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. आजा वर सरकला, बाप आणखी वर सरकला. लग्न होऊन ती वाडीला आली, तर उन्हाळ्यात नेऱ्याच्या माळावर खोप करून राहायचं आणि पाऊस धरला की वाडीला यायचं. उठायचं नि दुसरीकडं जाऊन बसायचं, हे तिला नवं नव्हतं. तेव्हा डोक्यावर पाटी आणि काखेत पोर असायचं, पण कुठं चूल मांडायची आणि कुठं पाठ टेकायची ते तिचं ती ठरवायची.

वाटणीनंतरचं पहिलं वर्ष तिनं कुणाच्या तरी कोपऱ्यात काढलं. माऊलीनं नेऱ्याला तीन मजले चढवले होते आणि खोली न् खोली भाड्यानं दिली होती. म्हातारीला जिन्याखाली जागा मिळाली, पाण्याच्या मोटारीशेजारी. मोटार सुरू झाली की तिच्या छातीतच काहीतरी घरघरल्यासारखं वाटे. वाडीत अमोलच्या दोन खोल्या, त्यात तो, बायको गौतमी आणि पोरं. तिथं पडवीत तरटाच्या आडोशाला. दोघं भाऊ एकमेकांना फोनवर सुनवायचे. "तू आयेला मोटारीपाशी निजावतोस." "आन् तू काय माडीवर निजावतोस व्हय?"

मग अमोलच्या डोक्यात ते घर आलं.

अमोल उरवड्याच्या कारखान्यात फिटर होता. तिथं तयार घरं बनत. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये फोमचा फेस भरून भिंती करायच्या, लोखंडी सांगाड्यात त्या बसवायच्या, आतलं सगळं आतच जोडायचं आणि ट्रेलरवर घालून पाठवून द्यायचं. कुणाचं फार्महाऊस, कुणाचं साईटवरचं ऑफिस. बाहेर जाताना खोडी निघून परत आलेला एक सांगाडा कारखान्याच्या कडेला गंजत पडला होता. अमोलनं साहेबाला विचारून तो घेतला, अर्धा खर्च माऊलीनं उचलला आणि सुट्टीच्या दिवसांत राबून त्यानं आईसाठी घर केलं. जिकडं आई, तिकडं घर. म्हणजे कुणाच्या खोलीत वाटा नको आणि कुणाचं कुणाला टोचायला नको.

ते घर बघायला आई गेली तेव्हा अमोल लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता.

"ही बघ खाट. दिवसा भितीत मिटायची. खाली पेटी, वाकळा ठेवाया. हे वढ, वढ की! टेबल निघालं का न्हाई? हितं गॅस. कपाटाला कडी हाय, घर हाललं तरी भांडं पडणार न्हाई. आन् हे बघ, संडास. आतच. रातीचं बाहेर जायाला नको."

"खिळा कुटं ठोकू? तुज्या बापाचा फोटू लावाया?"

"खिळा न्हाई ठोकायचा, आये. आतला फेस फुटतो. फळीवर ठेव त्यांना."

संडासाचं मात्र तिला मनापासून बरं वाटलं. चिखलात वाकून वाकून गुडघ्यांनी केव्हाच मान टाकली होती. बाकी सगळं चकचकीत, हलकं, बोटानं टकटक केलं तर पोकळ वाजणारं. उंबरा नव्हता. दारातून पाय थेट जमिनीवर. तिनं सगळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आसूंदे. ग्वाड हाय."

घर दोघांचं, म्हणून त्याच्याखाली जोतं कुणीच बांधलं नाही. ज्याच्या जागेत बांधायचं त्याचं ते होणार. दोन्हीकडं सिमेंटचे ठोकळे मांडले, त्यावर घर टेकवलं. पाण्याची नळी, विजेची वायर, दोन्ही ओढून काढता येतील अशा. रीतही आपोआप पडून गेली: ज्याच्याकडं घर जायचं त्यानं हायड्रा आणायचा, ज्याच्याकडनं जायचं त्यानं नळी आणि वायर सोडवायची.

वाडीत तिचे दिवस राबाशी, म्हणजे भाताच्या रोपासाठी भाजायच्या वाफ्याशी, सुरू व्हायचे. पाडव्याला ती यायची तेव्हा राब भाजायचा राहिलेला असे. राब भाजला, पेरला, रोप आलं, लावणी झाली, भांगलण झाली. सगळ्यात तिचे हात असत. सून गौतमीही उरवड्याला एका कारखान्यात पॅकिंगला जायची, त्यामुळं खाचरांकडं दिवसा बघणारी म्हातारीच. आणि दसरा यायचा तेव्हा भात निसवून मान टाकायला लागलेलं असे, दाण्यात चीक भरत असे. तेव्हा हायड्रा यायचा. तिनं वाढवलेलं भात कापायला ती कधीच नसायची. पुढं महिन्या-दीड महिन्यानं अमोल नेऱ्याला नवा तांदूळ पोचवायचा. थोरली सून शुभांगी तो कुकरला लावायची आणि घरभर वास सुटायचा. "काय मस्त तांदूळ आहे हो, आई!" शुभांगी म्हणायची. रंभाबाई दोन घास खाऊन ताट सरकवायची.

नेऱ्याला तिचं घर माऊलीच्या इमारतीपुढं, फाटकाला लागून उतरवत. दुसरीकडं जागाच नव्हती, सगळीकडं भाडेकरूंच्या मोटारसायकली. आता फाटकाशेजारी पांढऱ्या पत्र्याची, छोट्या खिडकीची खोली दिसली तर माणूस काय समजणार? पहिल्याच आठवड्यात एका डिलिव्हरीवाल्यानं खिडकीवर टकटक केली.

"मौसी, बी टू ओ टू का पार्सल. रख लो."

तिनं ठेवलं. दुसरा आला, तिसरा आला. दूधवाला पिशव्या ठेवून जायला लागला. भाडेकरूंची पोरं रात्रपाळीला जाताना चावी देऊन जायची, "आजी, मेरा रूममेट आयेगा, दे देना." कुणी तिला सलाम ठोकायचं. तिच्या मिटणाऱ्या खाटेवर खोक्यांचा ढीग लागायचा आणि तिला टेकायचं झालं तर आधी लोकांचे बूट-चपला आणि मिक्सर खाली उतरवावे लागायचे. थोड्या दिवसांनी माऊलीनं रखवालदार काढला. का काढला ते तो बोलला नाही, तिनंही विचारलं नाही. दुपारी डोळा लागला की टकटक. ती उठायची. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेऊन, आसूंदे म्हणत उठायची.

घराला सुरुवातीला वर छपराच्या चारी कोपऱ्यांना कड्या होत्या. त्यांत साखळ्या अडकवून हायड्रा उचलायचा. पण उचलताना सांगाडा पिळवटायचा आणि तिसऱ्या खेपेनंतर छपराचे सांधे उसवले. आषाढात बरोबर खाटेवर धार लागली. रंभाबाईनं पायथ्याला पातेलं ठेवलं आणि पाय पोटाशी घेऊन निजली. अमोलनं बघितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. त्यानं त्या कड्या कापून टाकल्या, सांधे भरले आणि सगळं नव्यानं बेतलं.

"आता पट्टे खालनं घालायचे," त्यानं आईला दाखवलं. "पोटाखालनं. पोराला दोनी हातांवर उचलतोय ना, तसं. मंग पीळ बसत न्हाई. फकस्त ही फट मोकळी ठेवायची, आये. जमीन आन् घर ह्याच्यामदली. हिच्यात काय कोंबायचं न्हाई."

तिनं त्या फटीत सरपण रचलं होतं. अमोलनं ते एकेक करून बाहेर काढलं. खालून उचललेलं घर खरंच पिळवटलं नाही आणि पुढं कधी गळलंही नाही. कारखान्यातल्या साहेबाला ते कळलं, त्यानं फोटो मागवले, आणि यंदा श्रावणात पुण्याहून आरोही नावाची पोरगी बघायला आली. ती कारखान्याची घरं कागदावर आखायची. गमबूट घालून चिखलातनं आली, घराला चारी बाजूंनी फेरी मारली, खाट मिटवली, उघडली.

"अमोलदादा, कसलं भारी केलंय हे! असे कितीतरी म्हातारे आहेत, दोन मुलांकडं आलटून पालटून राहणारे. आपण हे मॉडेल करू शकतो." मग रंभाबाईकडं वळून, "आजी, तुम्हाला काय कमी वाटतं यात?"

"काय न्हाई. समदं हाय."

तेवढ्यात वरच्या आळीची सगुणाबाई डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन आली. दारात उभी राहिली, तिथूनच भांगलणीचं बोलली, तिथूनच सुनेच्या कागाळ्या केल्या आणि पावसात उभी राहून पाय दुखले तशी निघून गेली.

"त्या आत का नाही आल्या?"

"पाय चिखलाचं तिचं. आन् आत यिऊन बसंल कुटं? माज्या खाटंवर? दुसऱ्याच्या हातरुणावर कोण बसतंय, बाई. दारापुढं ओटा आसला म्हंजी माणूस टेकतंय, च्या पितंय." रंभाबाईनं पाठमोऱ्या सगुणाबाईकडं बघितलं. "चार वर्सं झाली, ह्या घरात कोण बसलेलं न्हाई."

पोरीनं ते टिपून घेतलं. मनाची चांगली होती. पंधरा दिवसांत कारखान्यातून लोखंडी ओटा आला. दाराखाली अडकवायचा, घर न्यायचं झालं की मिटवून वर बांधायचा. वाईट नव्हता. त्याच्यावर सरपण कोरडं राहायचं. सगुणाबाई एकदा त्यावर बसून बघायला गेली तर तो खणखणला आणि कुत्रं भुंकत पळालं.

"हे हालतंय गं, रंभे! मला बी नेऱ्याला न्हेतीस का काय?"

दोघी हसता हसता खोकायला लागल्या.

त्यानंतर भांगलण उरकली आणि खाचरावरून येताना रंभाबाई रोज पाटीभर माती आणायला लागली. आधी दारापुढं चार धोंडे मांडून त्यावर टाकली, पाय धुवायला म्हणून. मग एक दिवस घराखालून विषारी फुरसं निघालं. गौतमीच्या पोरानं आरडाओरडा केला, सगुणाबाईच्या मुलानं ते काठीनं मारलं. दुसऱ्या दिवशी रंभाबाईनं त्या बाजूची फट धोंडे घालून बुजवली. मग दुसऱ्या बाजूची. मग मागची. ती थांबून विचार करत नव्हती. कमरेत कळ यायची, बसायची, कळ ओसरली की पुन्हा माती थापायची. कुणी विचारलंच तर सांगायला फुरसं होतं.

गौतमीनं काही विचारलं नाही. रविवारी गोठा साफ करताना निघालेले जुने धोंडे ती घराशेजारी आणून टाकायला लागली. एकदा साडी खोचून चिखल तुडवायलाही उतरली. "आत्याबाई, भूस घाला ह्याच्यात थोडं. चिरा पडणार न्हाईत," एवढंच बोलली. वरून शेण-मातीचा पोतेरा फिरला तेव्हा घर जमिनीतून उगवल्यासारखं दिसायला लागलं. चारी अंगांनी हातभर रुंद ओटा, दारापुढं जास्त पसरट, तिथं एका चपट्या दगडाचा उंबरा. लोखंडी ओटा गोठ्यात गेला, कोंबड्या त्यावर झोपायला लागल्या.

अमोल पाळीवरून आला की मोटारसायकल लावायचा, हेल्मेट काढायचा आणि बघत उभा राहायचा. एकदा म्हणाला, "आये, ती फट..."

"फुरसं निघालं हुतं."

"व्हय?" तो म्हणाला आणि आत जेवायला गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं नेहमीसारखं सगळं बांधलं. टाक डब्यात, फोटो अभ्र्यात. आपण ओटा का घातला याचा विचार तिच्या मनात येऊ बघायचा आणि ती तो बाजूला सारायची. इतकी थकली होती की आशा करायचाही तिला भार वाटत होता.

माऊली सकाळीच गाडी घेऊन आला. अंगानं सुटलेला, कपाळाला गंध, खिशात आपट्याची पानं. हायड्रा पिरंगुटाच्या गर्दीत अडकला होता. उन्हं वर आली, आंब्याची सावली सरली. बसायला अमोलच्या पडवीत त्याला जायचं नव्हतं. वाटणीनंतर तो त्या घराची पायरी चढला नव्हता. इकडंतिकडं बघत शेवटी तो आईच्या ओट्यावर टेकला. टेकला, मग मागं सरकून भिंतीला पाठ लावली, मग चपला काढून पाय वर घेतले.

"गार लागतंय बरं," तो म्हणाला.

गौतमीनं चहा आणला. अमोल नळी सोडवायला आला होता, तोही पान्हा हातात धरून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये रंभाबाई. बराच वेळ तिघं फुंकर घालून चहा पीत होते.

"भात बरं आलंय," माऊली खाचरांकडं बघत म्हणाला.

"आयेनं केलंय. मी कुटं असतो?"

"दादा हितं आसं बसायचे. पाय वर घिऊन." माऊली भिवाजीबद्दल बोलत होता. "आन् बशीतनं च्या प्याले की आवाज पार हैबतरावांच्या घरापत्तोर."

"तुझा बी तेवढाच येतोय," अमोल म्हणाला.

माऊली हसला. मग दोघांनाही आपण हसलो याचं अवघडल्यासारखं झालं आणि दोघांनी कप खाली ठेवले.

हायड्रा आला. पुढं झेंडूचं तोरण, काचेवर हळदीकुंकवाची बोटं. चालक कैलास दरवर्षीचाच होता. "मावशी, चला, खाली उतरा!" अशी हाक मारत तो पट्टे ओढत आला आणि घरापाशी थबकला. वाकला. गुडघ्यावर बसला. घराला एक फेरी मारून परत आला.

"आवो, पट्टा कुटनं घालू? खाली तर जागाच न्हाई."

माऊली उठला. आत्तापर्यंत ज्यावर बसला होता त्याच्याकडं त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं. "वरनं उचल की."

"वर कड्या कुटं हायेत? कापल्या न्हवं तुमच्या भावानं. खालनंच उचलाया लागंल. म्हंजी हा वटा फोडायचा. दोन बाजूंनी फोडला तरी बास." कैलासनं हात झटकले. "द्या कुदळ."

"कुदळ, टिकाव, समदं पुजंला मांडलंय," गौतमी पडवीतून म्हणाली. "आज उठवायचं न्हाई."

"माझी पहार हाय गाडीत." कैलासनं पहार आणली. तिलाही झेंडूची दोन फुलं बांधलेली होती. त्यानं ती ओट्यावर आडवी ठेवली आणि तंबाखू मळत बाजूला झाला. "पर मी न्हाई मारणार. सणाचं लोकाच्या दारातला वटा फोडायचा म्हंजी... तुमचं तुमी बघा."

रंभाबाई आत जाऊन खाटेच्या कडेवर बसली होती. गाठोडं मांडीवर. भिंत पातळ होती, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"अमोल, फोड," माऊली म्हणाला.

"मी का? न्ह्यायचं तुझ्याकडं हाय. मी नळी सोडवली, वायर सोडवली. मपलं काम झालं."

"आन् वटा कुणाच्या जाग्यात हाय? तुझ्या. तुझ्या जाग्यातलं मी फोडलं तर उद्या तूच बोंबलशील, भावानं वटा फोडला म्हणून."

"आन् मी फोडला तर तू म्हणशील, आयेचा वटा फोडून आयेला घालवली."

पहार दोघांच्या मध्ये पडून होती.

"तुला दिसलं न्हाई व्हय रं?" माऊलीचा आवाज चढला. "रोज जातोयस, येतोयस. एवडा कारखान्यातला शाना तू. ही फट तूच ठेवलीस ना? बुजताना दिसली न्हाई?"

आत रंभाबाईनं भिंतीकडं कान केला.

"दिसली," अमोल म्हणाला.

मग माऊली एकदम वैतागून बोलला, "आन् तितं पार्सलं कोण घ्यायची? फाटकाला माणूस न्हाई. तुमाला काय, हितं बसून..." बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं. वाक्य तसंच राहिलं.

"रखवालदार ठेवा की, दादा," गौतमी शांतपणे म्हणाली आणि चहाचे कप गोळा करायला लागली.

अमोलच्या खिशात फोन वाजला. आरोहीचा निरोप होता: उचललं का? व्हिडिओ पाठवा. त्यानं वाचला आणि फोन परत खिशात घातला.

कैलासनं तंबाखू थुंकली. "हे बघा, मला उरवड्याला दुसरं काम हाय. फोडताय का जाऊ?"

कुणीच पहार हातात घेतली नाही. कैलास अजून थोडा थांबला, मग त्यानं आपली पहार उचलली, फुलं सरळ केली आणि पट्टे गुंडाळले. हायड्रा मागं सरत वळला, ट्रेलर त्याच्या मागं गेला. पोरं टाळ्या पिटायला जमली होती, ती काहीच झालं नाही म्हणून नाराज होऊन पांगली.

माऊली दारात आला. आत यायचं तर वाकावं लागत होतं, तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आई गाठोडं धरून बसली होती. तिच्याकडं सरळ बघवेना म्हणून तो त्या मिटणाऱ्या टेबलाकडं बघत म्हणाला, "तुला तितं त्रास हुतोय का, आये?"

रंभाबाईला खूप काही सांगता आलं असतं. पण कुठून सुरू करायचं हेच कळेना.

"भात कापायचंय, बाबा," ती म्हणाली. "एकदा तरी."

माऊलीनं खिशातून आपट्याची पानं काढली. दुपारच्या उन्हात ती कोमेजली होती. त्यानं ती तिच्या हातात दिली, उंबऱ्यावरूनच वाकून तिच्या पायांना हात लावला. मग चपला शोधल्या, धुळीतून पायानं उलट्या-सुलट्या केल्या.

"पाडव्याला बगू," तो म्हणाला. आणि गाडीकडं जाता जाता, कुणालाच नव्हे अशा आवाजात, "आसूंदे आता."

गाडी गेली. अमोल नळी परत जोडायला बसला. रंभाबाईनं कपाटाच्या कड्या काढल्या. चिंध्या सोडवून भांडी एकेक मांडली. भिवाजीला अभ्र्यातून बाहेर काढून फळीवर ठेवलं, पुढं आपट्याची पानं ठेवली. एवढं करून तिची कंबर भरून आली. आनंद वगैरे झाला का, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाडवा होताच पुढं. बाहेर येऊन ती ओट्यावर आडवी झाली. माती पाठीला थंड लागली. डोळे मिटले तरी टकटक होईल म्हणून कान काही वेळ जागेच राहिले.

गौतमी खाचरावरून गवताचा भारा घेऊन आली. भाऱ्यात भाताची एक लोंबी अडकून आली होती.

"आत्याबाई, कवा कापाया घ्यायचं? रजा टाकाया लागंल मला."

रंभाबाईनं न उठता हात पुढं केला. लोंबी घेतली, एक दाणा नखानं सोलला आणि पुढच्या दोन दातांत धरून दाबला. दाणा चिरडला, जिभेवर चीक आला.

"चिकात हाय अजून," ती म्हणाली. "थांबावं लागंल."